शेवटचा किलोमीटर गाडीला देऊ नका

एसयूव्हीच्या जाहिरातींमधलं एक दृश्य आता आपल्याला पाठ झालंय. डोंगराच्या अगदी टोकावर, जिथे रस्ता दिसतच नाही, तिथे एक चकचकीत गाडी उभी असते. खाली ढग, मागे बर्फ, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ही गाडी तिथे पोचली कशी, आणि तिच्यासारख्या आणखी दोनशे गाड्या पुढच्या रविवारी तिथे पोचल्या तर त्या टोकाचं काय होईल, हे जाहिरात विचारू देत नाही. आपल्या पिढीने मात्र ते चित्र मनावर घेतलं. सात वर्षांच्या हप्त्यावर गाडी घ्यायची आणि लाँग वीकेंडला ती जिथपर्यंत चढेल तिथपर्यंत न्यायची. रस्ता संपला की चिडायचं. 'एवढं सुंदर ठिकाण आहे, पण अॅप्रोच रोड बेकार आहे हो,' असा शेरा मारून तीन तारे द्यायचे.

मला या तीन ताऱ्यांशी भांडायचंय. माझं म्हणणं असं, की रानापर्यंत जाणारा शेवटचा किलोमीटर गाडीला देऊ नये. तिथे रस्ता नसेल तर बांधू नये, आणि फक्त पर्यटकांसाठी असेल तर तो गाड्यांना बंद करावा. याला अपवाद एकच, तिथे राहणाऱ्या माणसाचा रस्ता. त्याबद्दल पुढे बोलू, कारण खरी गफलत तिथेच होते.

आधी लोणारबद्दल. बुलडाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्का आदळून झालेलं आहे. व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. वयाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जुन्या मोजमापांत ते ५२ हजार वर्षांचं भरायचं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासाने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास नेलं. बेसॉल्टमध्ये पडलेली उल्काविवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक झालं, २००० मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळ्या देशाच्या फोनवर लोणार झळकलं.

या तीन बिरुदांनी लोणार किती वाचलं, यावर वाद घालता येईल. माझ्या मते त्याला सगळ्यात जास्त वाचवलं ते त्याच्या आकाराने. वाटीसारख्या खोलगट विवरात तुम्ही गाडी घेऊन सहज उतरू शकत नाही. काठावर गाडी थांबते. पुढे पायवाट, उतार, झाडोरा, आणि तळाशी खारं पाणी. कमळजादेवीला जाणारा भाविक पिढ्यान्‌पिढ्या पायीच उतरत आला. साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात रामसरच्या नोंदीनुसार पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आहेत, त्यात लांडगासुद्धा. एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या आवाराएवढ्या जागेत हे सगळं टिकलंय. चारही बाजूंनी शेती, गाव आणि डांबर आहे. आत डांबर नाही.

आता काळ बदललाय. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. मेहकरला उतरलं की लोणार पंचवीसेक किलोमीटर. ज्या गावाला जायचं म्हणजे एसटी बदलत दिवस घालवायचा, ते मुंबई-पुण्याच्या माणसाच्या वीकेंडमध्ये आलं. हे चांगलंच झालं. लोणारच्या पोराला दवाखाना, कॉलेज, नोकरी जवळ आली. पण जो माणूस शेकडो किलोमीटर खड्डा न लागता येतो, त्याला शेवटचे सहाशे मीटर चालायला सांगितले की तो भडकतो. 'खाली गाडी का जात नाही? निदान ट्रॉली तरी करा.' हा प्रश्न कुठल्याही उंच किंवा खोल ठिकाणी ऐकू येतो. गडावर रोपवे, घाटमाथ्यावर काचेचा पूल, धबधब्यापाशी पार्किंग. ठिकाण कुठलंही असो, मागणी एकच असते, की मला गाडीतून उतरायला लावू नका.

लोणारमध्ये ही मागणी आणखी धोक्याची आहे. इथे जे जपायचंय ते तळ्याच्या पाण्याएवढंच काठाच्या बाहेरही आहे. आघाताने उडालेला दगडमातीचा थर काठापासून एक किलोमीटरहून दूरवर पसरलेला आहे. काठ आजूबाजूच्या सपाटीपेक्षा वीसेक मीटर उंच दिसतो, तो या उलथापालथीमुळेच. हा थर म्हणजे त्या आघाताचा लेखी पुरावा. त्यावर पार्किंग सपाट करायचं, रस्ता रुंद करायला कड खोदायची, म्हणजे पुस्तक ठेवायला कपाट हवं म्हणून पुस्तकाचीच पानं फाडून खोका करायचा.

आता त्या अपवादाकडे येऊ. याच बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुडा आहे. तिथलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पूर्वेला अकोटच्या वरती नरनाळा, पुढे हरिसाल, सेमाडोह, चिखलदरा. साग, घाट, सिपना नदी. विदर्भातल्या माणसासाठी 'डोंगरातल्या जंगलाचा रस्ता' म्हणजे हाच. पावसाळ्यानंतर इथे गाड्यांची रांग लागते, आणि त्या गाड्यांमधून जी रील्स निघतात त्यांत रस्ता रिकामा दिसावा म्हणून मागच्या गाड्यांना थांबवलेलं असतं.

पण हा रस्ता कुणाचा आहे? मेळघाटातल्या कोरकू बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात जायचंय, तिचा हा रस्ता आहे. या भागातले बालमृत्यू गेली तीस-पस्तीस वर्षं न्यायालयात आणि विधानसभेत गाजतायत. तिथे पावसाळ्यात गाव तुटतं, तेव्हा रस्ता हा जिवाचा प्रश्न असतो. 'जंगलात रस्ते नकोत' असं शहरात बसून सरसकट म्हणणारा पर्यावरणप्रेमी मला मान्य नाही. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभ्यातून बाहेर हलवली गेली, त्यानंतर आणखी हलली. वाघाला शांतता हवी, हे कारण. पुनर्वसनात सगळं ठीक झालं असतं, तर २०१९ च्या जानेवारीत अकोट भागातले पुनर्वसित लोक परत आपल्या जुन्या गावांच्या जागी गेले नसते आणि वनखातं-पोलिसांशी त्यांची चकमक झाली नसती.

म्हणजे हिशेब असा, की वाघाच्या शांततेसाठी कोरकू माणसाने गाव सोडायचं, आणि त्याच वाघाच्या दर्शनासाठी आपण गाडी आत न्यायची. ज्याने चारशे वर्षं न विचारता राहायचं, त्याला परवाना; आणि जो चार तासांसाठी आलाय, त्याला रिसॉर्ट. रस्त्याची मागणी करताना आपण नेहमी पहिल्या माणसाचं नाव पुढे करतो आणि रुंदी मात्र दुसऱ्याच्या गाडीच्या मापाने ठरवतो. गावाला बारमाही, एकपदरी, पूल वाहून न जाणारा रस्ता लागतो. ॲम्ब्युलन्स लागते आणि तिच्यात डिझेल लागतं. दुपदरी काँक्रीट, व्ह्यू पॉइंट आणि तीनशे गाड्यांचं पार्किंग ही गावाची मागणी नसते.

हिमालयात हे आणखी स्वच्छ दिसतं, आणि मराठी पोरांच्या स्वप्नातली शेवटची सफर तीच असते म्हणून ते सांगायला हवं. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला उघडला. त्याआधी रोहतांग बर्फाने बंद झाला की लाहौलचे लोक वर्षातले पाच-सहा महिने जगापासून तुटायचे. बोगदा त्यांच्या हक्काचा होता. पण त्याच बोगद्यातून आपणही गेलो. २०२३ च्या डिसेंबरात, पुढे वाहतूक तुंबलेली म्हणून एकाने आपली गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी दंड केला. त्याआधी २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवरात गाडी घालून मद्यपार्टी केल्याचा व्हिडिओ असाच फिरला होता. या दोघांना शिव्या घालणं सोपं आहे. पण जाहिरातीत गाडी नदी ओलांडताना दाखवतात, फीडमध्ये तेच वर येतं, गाडीच्या किमतीत त्याचे पैसे लावलेले असतात. या दोघांनी विकत घेतलेली वस्तू वापरली, इतकंच.

रस्त्याने जंगलाचं नुकसान होतं म्हणजे फक्त गाडीखाली प्राणी मरतात, असं नाही. रस्ता जंगलाचे तुकडे करतो. आवाज, दिवे आणि फेकलेलं खाणं यांचा पट्टा दोन्ही बाजूंना आत शिरतो. काही प्राणी रस्त्याला भितात आणि पलीकडे जाणंच सोडतात. काही चिप्सच्या पाकिटाला सरावतात. घाटातली माकडं बघा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघाला. विदर्भ, तेलंगणाचा काही भाग, मराठवाडा असं फिरत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बुलडाण्याजवळ, अजिंठ्याच्या रांगेत, २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'वॉकर' पाडलं. शेतं, कालवे, महामार्ग, गावं ओलांडत तो आला. त्याला जागा हवी होती, जोडीदार हवा होता. पुढे तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळ्यात दिसला. त्याच्या वाटेतला प्रत्येक रस्ता आपल्या सोयीने आखलेला होता, आणि त्यातला प्रत्येक त्याने जीव मुठीत धरून ओलांडला असणार. ज्ञानगंगेतूनही बुलडाणा-खामगाव रस्ता जातो. बोथ्याच्या जंगलातून जाताना आपण काच खाली करून 'काय मस्त हवा आहे' म्हणतो. त्या हवेचं भाडं कोण भरतं, ते यातून कळावं.

रस्ता लागणारच असेल तर तो शहाणपणाने करता येतो, हेही आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. नागपूर-सिवनी मार्गावर, पेंच भागात, राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल केले. सगळ्यात लांब ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत वाघ त्याखालून जाताना दिसले. पण हे आपोआप झालं नाही, त्यासाठी लोकांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. कर्नाटकातल्या बंदीपूरमधून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. मोजक्या बसेस आणि आणीबाणीची वाहनं सोडली जातात. वायनाडच्या लोकांचा त्याला विरोध आहे, त्यांची अडचण खरी आहे. तरीही वर्षानुवर्षं तो रस्ता रात्री झोपतो, आणि जग बुडालेलं नाही.

इथे माझ्या धंद्याचा भाग येतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. फोनवरचा नकाशा वाट कशी काढतो, त्याचा पाया डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. इंजिनिअरिंगला सगळे ती घोकतात. रस्ते म्हणजे रेषा, नाके म्हणजे ठिपके, प्रत्येक रेषेला एक आकडा, आणि आकड्यांची बेरीज कमीत कमी होईल ती वाट. तो आकडा बहुतेक वेळा मिनिटांचा असतो. नकाशावर जंगल हिरव्या रंगात दिसतं, पण वाट काढणाऱ्या गणितात तो हिरवा रंग नसतो. अभयारण्यातून गेलं तर अकरा मिनिटं वाचतात, एवढंच त्याला कळतं. मग रात्री एक वाजता, घरी परतायची घाई असलेल्या माणसाला तो बिनधास्त जंगलातून पाठवतो. त्या माणसाने जंगल निवडलेलंच नसतं. मिनिटं कुणीतरी त्याच्या वतीने निवडली.

हे दुरुस्त करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्यावर वेळेची बंधनं लिहायची सोय आजही आहे. एखादा मार्ग रात्री बंद असेल तर तसं नोंदवता येतं, तिथे राहणाऱ्यांपुरता खुला असेल तर तेही. नोंद करायला लागतो तो एखादा तास आणि स्थानिक माहिती. जी पोरं हॅकेथॉनमध्ये तीन रात्री जागतात, त्यांनी एक रात्र आपल्या जिल्ह्यातल्या जंगलरस्त्यांसाठी जागावं. शासनानेही बंधनं लावताना ती फक्त तहसील कार्यालयाच्या फळ्यावर न लावता नकाशा वाचू शकेल अशा स्वरूपात द्यावीत.

आता यावरचे आक्षेप. पहिला म्हणजे आजी-आजोबांचं काय? अपंगांचं काय? हा प्रश्न गंभीर आहे, पण तो विचारणारा बहुतेक वेळा अठ्ठावीस वर्षांचा, जिमला जाणारा गडी असतो. आजीच्या गुडघ्यांचं नाव पुढे करून तो स्वतःची गाडी पुढे काढतो. आजीसाठी काय लागतं ते करूया की. काठावर उतरंड असलेला सपाट मार्ग, कठडा, सावली, बसायला बाक, वापरता येईल असं स्वच्छतागृह. लोणारचं विवर काठावरून जसं अखंड दिसतं तसं तळातून दिसत नाही, त्यामुळे जी खाली उतरू शकत नाही तिच्या वाट्याला उरलंसुरलं येत नाही. आणि ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी ठरलेलं वाहन ठेवता येतं. माथेरानने ते केलंय. तिथे खासगी गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. माणसाने माणसाला ओढायच्या रिक्षा चालत, ती लाजिरवाणी गोष्ट होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. घोडेवाल्यांशी त्यावरून वाद झाले, ते होणारच. पण सोय हवी म्हणून सगळ्यांच्या गाड्या आत सोडाव्या लागल्या नाहीत.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. गाडी अडवली तर पर्यटक येणार नाही, गाव उपाशी मरेल. याचंही उत्तर माथेरान. गाडी न येणाऱ्या त्या गावाचं पोट पर्यटनावरच चालतं. कासला फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा असते, ऑनलाइन नोंदणी असते आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांची समिती असते. तरीही गर्दी हटत नाही. उलट बघा, लोणारच्या काठापर्यंत थेट गाडी आली तर काय होतं? माणूस उतरतो, पंधरा मिनिटं फोटो काढतो, आणि जेवायला महामार्गावरच्या फूड कोर्टला परत जातो. गावाला मिळतं प्लास्टिक. तोच माणूस गावात गाडी लावून चालू लागला तर दैत्यसूदन मंदिर बघतो, चहा पितो, भूक लागते म्हणून जेवतो, ऊन चढतं म्हणून मुक्काम करतो. पैसे हळू चालणाऱ्या माणसाच्या खिशातून पडतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो. 'तुम्ही ट्रेकर लोक स्वतःला शहाणे समजता, रान काय तुमच्या बापाचं आहे का?' नाही. म्हणूनच तर. चालणं ही जगातली सगळ्यात स्वस्त वाहतूक आहे. एसटीने लोणारला आलेलं पोरगं आणि वीस लाखांच्या गाडीतून आलेला माणूस शेवटचा किलोमीटर शेजारी शेजारी चालतील, एवढी समता दुसरीकडे कुठे मिळते? गाडीचा रस्ता काठापर्यंत नेला की एसटीवाला पोरगा धूळ खात कडेने चालतो. रानात गाडी नेणं हा सगळ्यांचा हक्क, असं जे म्हटलं जातं, तो गाडीवाल्यांचाच हक्क असतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. लोणारच्या विवरात कुठल्याही नावाने रस्ता, ट्रॉली, रोपवे नको. काठालगतच्या थरावर नवं पार्किंग नको. गाड्या गावात थांबाव्यात, शुल्क नगरपरिषदेला जावं, आणि न चालू शकणाऱ्यांसाठी गावातल्या लोकांच्या हाती थोडी ई-वाहनं असावीत. अंबाबरवा, ज्ञानगंगा, मेळघाटातल्या रस्त्यांवर रात्री बाहेरच्या गाड्यांना बंदी असावी. गावकऱ्याला, ॲम्ब्युलन्सला, एसटीला ती नसावी. आणि आदिवासी गावाचा रस्ता त्या गावाच्या ग्रामसभेने ठरवावा, रिसॉर्टवाल्याने नाही.

यातलं काही शासनाने करायचंय आणि त्याला वेळ लागेल. काही मात्र याच सुट्टीत आपल्याला करता येतं. मेहकरला महामार्ग सोडाल तेव्हा गाडी लोणार गावात लावा. पाण्याची बाटली भरून घ्या, कारण उतरताना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला लागतो. तळाशी गेल्यावर वीस मिनिटं फोन खिशात ठेवा. परत आल्यावर शेरा लिहायचाच असेल तर पाच तारे द्या, आणि कारण लिहा की अॅप्रोच रोड नाही.